सवतीचं पान

म्हाळातल्या अहेव नवमीला ठमानं पहाटेच पुरण शिजत घातलं, आणि त्याचा वास नाकात गेला तशी परसात जाऊन ओकून आली. पोटात होतं काय ओकायला? रात्रीची चतकोर भाकर. तिनं चूळ भरली, तोंड पदराला पुसलं, चुलीतली राख ओढली आणि रात्री घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

निमगाव सावा गावात ठमाच्या भांड्यांचं नाव होतं. पाणी प्यायला आलेल्या बाया तांब्यात तोंड बघून कुंकू नीट करायच्या आणि घरी जाऊन सुनांना टोमणे मारायच्या. ठमाला रडू आलं की ती राख घेते, राग आला की राख घेते, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन वर्षांत तिनं इतकी भांडी घासली होती की पितळ झिजायची वेळ आली होती.

"घास, घास!" आतून सासू, सोनीबाई, ओरडली. "दुसरीच्या संसाराची भांडी घासून आपली करती! कुशे, तुला लाज न्हाई का गं?"

आता कुशाबाई ही सोनीबाईची सवत, आणि तीही कशी, तर सोनीबाई या घरात यायच्या आधीच मेलेली. ठमाच्या सासऱ्यांची, तात्यांची, पहिली बायको. दुसरेपणावर आलेल्या सोनीबाईच्या गळ्यात रीतीप्रमाणे पहिलीचा टाक बांधला, नखाएवढा चांदीचा, वर बाईची आकृती उठवलेली. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला. आणि तात्या असे नमुनेदार, की भाकर मोडली की म्हणायचे, "कुशाची भाकर पापुद्र्याची असायची." हे ऐकत ऐकत सोनीबाई म्हातारी झाली. तात्या गेले, कुंकू पुसलं, मंगळसूत्र तुटलं. सवत तेवढी काळ्या दोऱ्यात गळ्यात राहिली. अहेव नवमी ही सवाष्णपणी मेलेल्यांची; त्या दिवशी कुशाबाईच्या नावानं सवाष्ण जेवायची, ते आता नवराही गेल्यावर बंद केलं तरी चालेल असं भटजी म्हणाले होते. सोनीबाईनं त्यांनाच झापलं. "त्यो गेला म्हून तिनं उपाशी ऱ्हायाचं व्हय?"

बावन सालच्या पहिल्या मतदानाला हीच सोनीबाई नवं लुगडं नेसून शाळेत गेली, पेटीत चिठ्ठी टाकली आणि परतताना आपलं घर विसरली. शाळेतून हाक मारली तर ऐकू येईल असं घर! तिथून एकेक सुटत गेलं. माणसांची नावं सुटली, जेवलं की नाही ते सुटलं, लुगड्याचा कासोटा सुटला. गावानं त्याला म्हातारचळ म्हटलं. सगळं सुटलं, सवत सुटली नाही. एके दिवशी भाकरी थापणाऱ्या थोरल्या सुनेकडे बघून ती म्हणाली, "आलीस का गं कुशे माघारी?" कुशाबाईचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. चुलीपुढं घर आपलं असल्यासारखी बसते ती पहिलीच असणार, असा तिचा हिशेब.

"आत्याबाई, मी ठमा, तुमची सून," असं ठमानं सांगून पाहिलं. उलथनं मनगटावर बसलं. पुढं तिनं सांगायचं सोडलं. सासूला उलट बोलायचं नाही हे तिला माहेरी शिकवलेलं, आणि चळ लागलेल्या सासूला तर नाहीच नाही. ती अंथरूण धुवायची, न्हाऊ घालायची, रात्री दाराला पाठ लावून झोपायची, कारण म्हातारी अंधारात माहेरी जायला निघायची. कुणी विचारलं, "कसं काय गं ठमे?" तर उत्तर ठरलेलं. "चाललंय की."

चाललं होतं ते असं, की छातीत जळायचं, हाताला कंप सुटायचा, चोळी अंगावर लोंबायला लागली होती. सयाजीनं, तिच्या नवऱ्यानं, तिला नारायणगावच्या डॉक्टरला दाखवून आणलं होतं. औषधाची बाटली फळीवर होती. भरलेलीच.

*

दुपारच्या आधी गाडी दारात आली. बेल्ह्याला यस्टीतून उतरलेली धाकटी जाऊ इंद्रायणी पुढं बसलेली, आण्याचं पठार उतरून आलेली नणंद झुंबरबाई मागं, आणि बैलांच्या कासऱ्याशी सयाजी. इंद्रायणीचा नवरा चांगदेव जुन्नरला कचेरीत कारकून. त्याला सुट्टी नव्हती, असं त्यानं कळवलं होतं.

ओट्यावर बसलेली सोनीबाई उठली. तिचं तोंड असं उजळलं की शेजारीण बघत राहिली.

"आली गं बया, माजी लेक आली!" तिनं इंद्रायणीला मिठी मारली, गालावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. "किती वाळलीस गं! सासरी खायला घालत न्हाईत का तुला?"

इंद्रायणी वाळलेली मुळीच नव्हती. ती लाजली आणि मनातून सुखावलीही.

"आये, म्या झुंबर," झुंबर पुढं झाली.

सोनीबाईनं पदर सारखा केला. "बसा पावनं. कुठल्या गावच्या म्हनायच्या तुमी?"

झुंबर हसली. हसत हसत गाठोडं सोडायला बसली आणि गाठ काही सुटेना. पोटची लेक मी, तिच्या मनात आलं, आणि लेक म्हणून मिठीत कोण, तर ही, वर्षातून दोनदा पाहुणचाराला येणारी! इंद्रायणीच्या गालावर जिथं आईचा हात फिरला होता तिथं झुंबरची नजर पुन्हा पुन्हा जात होती.

दारात ठमा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला वाटलं, हा तांब्या उचलावा आणि फेकावा. कुणावर, ते तिनं ठरवलं नाही. गू-मूत मी काढायचं, रात्री मी जागायच्या, आणि मिठी कुणाला! तिनं तांब्या ओट्यावर हलकेच ठेवला. "पाय धुवा," म्हणाली, आणि परसात राखेकडं गेली.

झुंबर तिच्या मागोमाग आली. "ठिवा ती भांडी, वहिनी. सनाचा दिस, बसा हितं. येनी घालते तुमची." तिनं ठमाला खाली बसवलं आणि फणी घातली. फणीबरोबर केसांचा पुंजकाच हातात आला.

"वहिनी, ह्ये काय?"

"क्येस हायेत."

"क्येस हायेत त्ये दिसतंय मला. डोक्यावर असत्यात त्ये! बेल्ह्याच्या बाजारात तुमच्या गावच्या बाया सांगत व्हत्या, ठमा काठीगत झालीया, तवा मला खोटं वाटलं. म्हून तर इंद्रायणीला बोलावून घेतलं म्या. डाक्टर काय म्हनला?"

"काय न्हाई म्हनला."

सयाजी तिथंच बैलांना पाणी दाखवत होता. "म्हनला, पोटात काय न्हाई, छातीत काय न्हाई. ह्यांच्या मनात काय हाय त्ये इचारा."

"मंग? इचारलंस का दादा?"

सयाजीनं बादली उचलली. "वैरन टाकून येतो," म्हणाला आणि गेला.

सयाजी वाईट माणूस नव्हता. फक्त घरात आईचा आवाज चढला की त्याला गोठ्यात काम निघायचं, आणि आठवड्याच्या बाजाराला तो न चुकता बेल्ह्याला जायचा. बैल बघायचा, दात मोजायचा, वशिंडावर थाप मारायचा, आणि काही न घेता अंधार पडायच्या बेतानं घरी यायचा. व्यापारी त्याला आता चहा विचारायचेही बंद झाले होते.

*

"जाऊबाई, मी काय म्हणते," इंद्रायणीनं सैपाकघरात पुरण वाटता वाटता काढलंच. "आत्याबाईंना मी नेते आजच. दिवाळीपर्यंत राहू द्या जुन्नरला."

ठमा कणीक तिंबत होती. "कशाला?"

"तुम्हाला जरा विसावा."

"मी कवा मागितला विसावा?"

"मागितला नाहीत हो. पण तब्येत बघा की आपली!"

"माजं चाललंय की."

"काय चाललंय, वहिनी?" झुंबर मधे पडली. "सकाळी ओकलात, शेजारीन सांगती. आयेला बी जरा पालट व्हईल. तिचा जीव लागलाय इंद्रायणीवर, दिसतंय ना तुमाला?"

झुंबरनं हे मुद्दाम म्हटलं का, हे तिलाच ठाऊक. आईनं आपल्याला ओळखलं नाही, मग ठमाला तरी थोडं लागू दे, असंही त्यात असेल. माणूस लेक झालं म्हणून संत होत नाही.

इंद्रायणीच्या मनातही नुसती दया नव्हती. जुन्नरच्या बिऱ्हाडात रोज ताटावर चांगदेवचं एकच पालुपद असायचं, आमची थोरली वहिनी म्हणजे देवमाणूस! शेजारणीसुद्धा विचारायच्या, तुमच्या मोठ्या जाऊबाई कशा आहेत हो, लई करतात म्हणे. तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं नव्हतं, पण तिला ते ऐकू यायचंच. एकदा म्हातारीला नेऊन सांभाळून दाखवायचं, मग बघू कोण देवमाणूस ते, असं ठरवूनच ती यस्टीत बसली होती.

ठमाचे हात कणकेत थांबले होते. ही हिला नेणार. तिथं ती 'माझी लेक' म्हणणार, शहाण्यासारखी जेवणार, सुखात राहणार. मग दोन वर्षं मी जे केलं ते कुणासाठी? नेलं तर जीव सुटणार होता आणि नेलं तर जीव जाणार होता. तिनं कणकेवर अशी मूठ मारली की परात वाजली.

"न्हाई न्यायचं," ती म्हणाली. "इचारा तुमच्या भावाला, काय त्ये."

झुंबरनं दारातून हाक मारली. सयाजी म्हणाला, "तुमी बाया बाया ठरवा," आणि केळीची पानं आणायला गेला.

*

पानं मांडली आणि नवीच अडचण आली. कुशाबाईच्या नावानं दरसाल जेवायला येणाऱ्या सवाष्णीच्या घरी सकाळीच सून बाळंत झाली. सुयेर. ती येणार नाही.

"मीच बसते की," इंद्रायणी म्हणाली आणि नवं लुगडं सावरत पाटावर बसलीसुद्धा. झुंबरनं कुंकवाचा करंडा उघडला, तेवढ्यात सोनीबाई भिंत धरून आत आली आणि तिनं किंकाळीच फोडली.

"उठ! उठ गं माजे बाय! मेलेलीच्या पाटावर माजी लेक बसिवता व्हय?" तिनं इंद्रायणीला दंडाला धरून ओढलं.

"बरं, मी बसते, आये," झुंबर म्हणाली.

"तुमी पावन्या. तुमी कशाला?" सोनीबाईनं घरात नजर फिरवली आणि चुलीपुढं उभ्या ठमावर बोट रोखलं. "ती काय, उबी हाय की! तिच्याच नावाचं पान हाय ना? मंग तिला बसवा. पोचवायला दुसरीची काय गरज?"

कुणाला हसू आलं, कुणाला भीती वाटली. नवमी उलटू द्यायची नव्हती. ठमा हात पुसून पाटावर बसली. इंद्रायणीनं तिला कुंकू लावलं, ओटी भरली. सोनीबाईनं कुणाला न जुमानता पळी आपल्या हातात घेतली. खीर वाढली, वडे वाढले, पोळीवर तूप सोडलं. आणि समोर उभी राहून बोलायला लागली.

"खा. जन्मभर आदी तुला घातलं, मंग म्या खाल्लं. लुगडं आदी तुला. दादल्याच्या तोंडात नाव आदी तुजं. भाकर तुजी पापुद्र्याची, चाल तुजी, हासनं तुजं. माजं काय व्हतं गं ह्या घरात? मेलीस तरी मला जागा दिली न्हाईस. आता बी येऊन बसलीस चुलीपुढं, चोरटी!"

ठमाचा घास हातातच राहिला. झुंबरला वाटलं, आता ही उठणार आणि राख घेणार. पण उठायची सोय नव्हती. सवाष्ण अर्ध्या पानावरून उठली तर मेलेली उपाशी जाते. राख परसात होती आणि ठमा पाटावर. तिनं नेहमीसारखा राग गिळायचा प्रयत्न केला. गिळवेना.

"व्हय," ती म्हणाली. "न्हाई दिली जागा. का देऊ? पैलं घर माजं व्हतं, सोने!"

सोने! सासूला! पाण्याची कळशी घेऊन आत येणारा सयाजी उंबऱ्यातच थांबला, आणि या खेपेला त्याला गोठ्यात काही काम सुचलं नाही.

"मला चोर म्हनतीस? तू भाकरीत राख कालवतीस, म्या गुपचूप दुसरी थापते. रातभर म्या जागते, अन् सकाळी शिव्या मलाच! तुजी घान कुनी काढली? तुला न्हाऊ कुनी घातलं? ह्ये मनगट बघ, उलथन्यानं मारलंस मला, हाड आजून दुखतंया. अन् मिठी कुनाला? तिला! दोन दिस येती अन् जाती तिला! गालावरनं हात तिच्या! म्या काय केलं व्हतं गं तुजं? बोल की, आता का गप? मला बी येकदा म्हन की, आली गं माजी! येकदा!"

कुशाबाई कुठं संपली आणि ठमा कुठं सुरू झाली ते कुणालाच कळलं नाही. ठमा ओरडत होती आणि रडत होती, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, खरकटा हात तसाच वर धरलेला. इंद्रायणीनं खाली बघितलं. तिच्या गालाला अजून म्हातारीचा खरखरीत हात जाणवत होता, आणि तिला पहिल्यांदाच ती मिठी चोरीची वाटली.

सोनीबाईच्या हातात पळी होती. आता ही मारणार, म्हणून झुंबर पुढं धावली. पण म्हातारी हळूहळू पानासमोर फतकल मारून बसली.

"बोलली," ती म्हणाली. "आगं बया, बोलली की ही!"

तिनं गळ्यातला टाक चाचपला. "हिला बांदून जलम गेला माजा. म्या शिव्या द्यायची, रडायची, रातीला उशाला घिऊन भांडायची. ही आपली मुकी. मला वाटायचं, हिला माजं कायच वाटत न्हाई." ती ठमाच्या तोंडाकडं निरखून बघायला लागली. "लई राग हाय की गं तुला माजा."

"हाय," ठमा हुंदक्यातून म्हणाली. "लई हाय."

"मंग आदी न्हाई का सांगायचं, येडे? उगं उपाशी बसलीस." तिनं पोळी मोडली, तुपात घोळवली आणि ठमाच्या तोंडात घातली. "खा. रागानं पोट भरत न्हाई."

ठमानं खाल्लं. मग आणखी खाल्लं. छातीत जळलं नाही. तिला भूक लागली होती, चांगली सडकून, आणि ते तिचं तिलाच नवल वाटत होतं. म्हातारी घास देत होती, मधेच एक शिवी देत होती, आणि ठमा शिवीला शिवी देऊन घास घेत होती.

झुंबरला ते बघवेना. आई भरवते आहे, आणि तेही हिला! शेवटी न राहवून ती पानाशी येऊन बसली. "आये, मला बी दे की गं येक घास."

"घ्या की पावनं," सोनीबाई म्हणाली. "लाजताय कशापायी?" झुंबरनं तोंड उघडलं. पाहुणी तर पाहुणी.

*

उन्हं कलायच्या आत गाडी जुंपली. म्हातारीला न्यायचं हे ठमानंच सांगितलं. गाठोडंही तिनंच बांधलं.

"दूध कोमट दे. कडी आतनं लाव. कासोटा तिला येत न्हाई, पर आपुन घातला का चिडती. आदी सोगा तिच्या हातात द्यायचा, मंग मागनं वढायचा." मग ती थांबली. "म्या थकले गं, इंद्रायणी. लई थकले."

इंद्रायणी भांडायच्या तयारीनं आली होती. थकलेल्या माणसाशी काय भांडणार? ती एवढंच म्हणाली, "आणि मलाही कुशी म्हणायला लागल्या तर?"

"उलट बोल. लाजू नगंस."

सोनीबाई गाडीत बसली, शेजारी लेक म्हणून इंद्रायणी. बैलांनी पाऊल उचललं तशी ती ओरडली, "आरं थांब! कुशी बसली न्हाई! चढ की गं!"

"म्या न्हाई येत."

"न्हाई येत? मंग म्या भांडू कुनासंगं?" आणि ती गाडीतून उतरायलाच लागली.

ठमा चाकाशी गेली. चोळीच्या आत गेलेला टाक तिनं बाहेर काढला, म्हातारीच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटवली. "ही काय मी. गळ्यातच हाय तुज्या. भांड जुन्नरपातूर."

सोनीबाईनं मूठ उघडून टाक बघितला. मग ठमाकडं बघितलं.

"पर ही बोलत न्हाई," ती म्हणाली.

ठमानं म्हातारीच्या गालावरून हात फिरवला, सकाळी इंद्रायणीच्या गालावरून फिरला होता तसाच. "दिवाळीला ये. तवा बोलीन."

गाडी वळणावर गेली तरी सोनीबाईचा आवाज येत होता. कुशे, चोरटे, माज्या माघारी तूप संपवू नगंस! ठमानं तोंडाला हात लावून भर गल्लीत ओरडून सांगितलं, "तू ये तर खरी, सोने!" शेजारणी दारात आल्या. येऊ देत.

सयाजी त्या दोघींना यस्टीत बसवून, झुंबरला आण्याच्या वाटेला लावून परतला तेव्हा दिवे लागले होते. सणाची सगळी भांडी परसात खरकटी पडलेली, आणि ठमा उंबऱ्यावर मोकळी बसलेली. असं त्यानं या घरात कधी पाहिलं नव्हतं.

"बरं न्हाई का?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वळला. "बैल सोडून येतो."

"बैल ऱ्हाऊ द्या घटकाभर," ठमा म्हणाली. "बसा हितं."

तो बसला. कासरा हातातच होता.

"त्यो डाक्टर काय म्हनला व्हता तुमाला? मनात काय हाय त्ये इचारा म्हनला व्हता ना?" ठमानं त्याच्या हातातला कासरा काढून घेतला. "मंग इचारा की."